मावशीची लांबलचक प्रार्थना

"आज अंडंही गेलं ना?" ठिणगीने मावशीचा डबा ओढून सगळ्यांना दाखवला. "काल पाव, आज अंडं. आणि ही बघा, हसतेय."

"दोन आणली होती, एक उरलंय," मावशी म्हणाली. "उपाशी तर नाही ना राहिले मी? देवाचे आभार."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

शिवणकामाच्या त्या खोलीत हॉस्पिटलसाठी झगे आणि चादरी शिवल्या जात. ठिणगी काजं करायची, मावशी बाह्या जोडायची. दुपारी कापडाचे तागे बाजूला सारून सगळे कापायच्या लांब टेबलाशी बसत. भिंतीवर क्रूस होता. मावशी प्रार्थना म्हणे, बाकीचे डोळे मिटून बसत, आणि आमेन झाल्याशिवाय कोणी झाकणाला हात लावत नसे. म्हणजे चोरी होत होती ती नेमकी प्रार्थनेच्या वेळी. निर्लज्जपणाला काही सीमा?

बरं, ती प्रार्थना तरी आटोपशीर असावी. हल्ली मावशीला शेवटच सापडत नसे. सुया, दोरे, खिडकीतून येणारा उजेड, कुरकुरणारा पंखा, सगळ्यांबद्दल एकेक करून आभार. भात गारढोण व्हायचा. एकदाच काय ती सुटका झाली होती. कापड कापणारे मास्तर आजारी म्हणून आले नव्हते, कामाचा ढीग साचला होता, तेव्हा मावशीने एका वाक्यात आटोपलं होतं.

"देवाला सगळं ठाऊक असतं म्हणतेस ना?" ठिणगी तिला म्हणायची. "मग त्याला पंख्याची माहिती कशाला देतेस?"

"त्याला नाही गं, मलाच आठवण राहावी म्हणून," मावशी म्हणायची.

आणि डबा तरी नीट सांभाळावा. तो टेबलाच्या कडेला ठेवायची, झाकण नुसतं वर टेकवलेलं. चोराला पायघड्याच घातलेल्या.

"दाबून लाव ना झाकण," ठिणगी म्हणाली.

"बोटं दुखतात गं."

दिवसभर जाड कापड मशिनखाली रेटताना ही बोटं कशी दुखत नाहीत, असं ठिणगीच्या अगदी ओठावर आलं होतं. ती मावशीच्या शेजारून उठणाऱ्या मास्तरांकडे वळली. "तुम्ही तरी सांगा हिला, मास्तर. तुमचं ऐकेल ती."

मास्तर म्हणजे ताठ मानेचा माणूस. भर उकाड्यातही कोट काढायचे नाहीत. डबा आणत नसत, घरून जेवून येत. टेबलाशी बसायचे ते फक्त प्रार्थनेपुरते, आमेन झालं की शतपावलीला बाहेर. बायको अंथरुणाला खिळलेली, पण कोणी विचारलं की "छान आहे" एवढंच सांगत. मागे एकदा मावशीने त्यांच्यापुढे नुसता पाव सरकवला, तर अपमान झाला म्हणून कित्येक दिवस टेबलाकडे फिरकले नव्हते.

"ज्याचा डबा, त्याची मर्जी," मास्तर म्हणाले आणि कोट सारखा करत बाहेर पडले.

चोर कोण याबद्दल ठिणगीला शंकाच नव्हती. इस्त्रीवाला. मावशीच्या दुसऱ्या बाजूला बसायचा आणि त्याचं तोंड सदा चालू असायचं. ती तडक सुपरवायझर बाईंकडे गेली.

"डोळ्यांनी पाहिलंस का?" बाईंनी विचारलं.

"उद्या पाहीन."

"पाहा, आणि नाव सांग. कोणी का असेना, उद्याच घरी पाठवते. इथे चोर नकोत मला."

ठिणगी परत आली ती मावशीपाशीच थांबली. "तुझा चांगुलपणा म्हणजे चोराला खतपाणी आहे. तू त्याला बिघडवतेयस. उद्या त्याची नोकरी जाणार, सांगून ठेवते."

मावशीच्या चेहऱ्यावरचं हसू प्रथमच मावळलं. "असं नको करूस गं," ती हळूच म्हणाली. "कोणाच्या तरी घरची चूल असते."

"मग तुझ्या घरी काय फुकट शिजतं?"

मावशीने मशिन सुरू केलं.

दुसऱ्या दिवशी सगळे टेबलाशी बसले. मावशीने डबा कडेला ठेवला, झाकण वर टेकवलं आणि हात जोडले. "प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार."

माना खाली गेल्या. ठिणगीने पापण्या किलकिल्या ठेवल्या आणि इस्त्रीवाल्यावर नजर रोखली. हात मांडीवर, डोळे घट्ट मिटलेले. तो गडी भक्तिभावाने डुलत होता.

झाकण हललं ते दुसऱ्या बाजूने.

कोटाच्या बाहीतून एक सुरकुतलेला हात पुढे आला होता. मास्तरांनी खाली मान घालून अंडं उचललं, कापडाच्या चिंधीत गुंडाळलं आणि कोटाच्या खिशात सरकवलं. मग पाव. पावाच्या चिंधीची गाठ काही बसेना.

ठिणगीने बोलायला तोंड उघडलं आणि मावशीकडे पाहिलं.

मावशीचे डोळे सताड उघडे होते.

"या उजेडाबद्दल," मास्तरांच्या बोटांवरची नजर न हलवता ती सावकाश म्हणत होती, "या पंख्याबद्दल... या सुयांबद्दल..." गाठ सुटली. "आणि दोऱ्यांबद्दल, प्रभू. पांढऱ्या दोऱ्यांबद्दल. निळ्या दोऱ्यांबद्दल."

मग तिने मान वर करून सरळ ठिणगीकडे पाहिलं.

"आणि आमच्या ठिणगीबद्दल. तोंडाची फटकळ आहे, पण मनाने चांगली आहे, त्याबद्दल तुझे फार फार आभार."

ठिणगीने डोळे मिटून घेतले.

झाकण अलगद जागेवर बसल्याचा आवाज आला.

"आमेन," मावशी म्हणाली.