दादाची हजेरी

आमच्या कॉलेजात हजेरी मोबाइल घेतो. ज्याचा फोन वर्गात, तो हजर; माणूस असला काय, नसला काय. प्राचार्य तक्ता नाचवत म्हणाले, “मुलगे हजर राहून नापास, मुली गैरहजर राहून पहिल्या! कारण शोधा.” मी कपाळावर हात मारून वर्गात शिकवायला गेले. पहिल्या बाकावर नेहमीची हुशार पोरगी. हजेरी कमी म्हणून तिची परीक्षा अडलेली. “रोज समोर बसतेस, गैरहजर कशी गं?” तिने बाकावरचा फोन दाखवला. “घरात हा एकच. यावर दादाची हजेरी लागते. तो याच वर्गातला, पण घरी झोपलाय.” तेवढ्यात फोन वाजला. मीच उचलला. शेजारणीच्या फोनवरून तिच्या आईने विचारलं, “दादाची हजेरी लागली ना?” “लागली!” मी कडाडले. “परीक्षेलाही फोनच पाठवा!” “पाठवते की बाई. हीच आणून देईल. हिला कुठे परीक्षेला बसू देताय तुम्ही?”