गरिबाचा तुकडा

पत्र्याचा जुना डबा, त्यात दोन किलो पीठ.

पिठाची रिकामी पिशवी. कचऱ्याच्या तळाशी, बटाट्याच्या सालींखाली.

संगमरवराच्या कारखान्याच्या फाटकाला कुलूप, ऑक्टोबरपासून.

चंदेरी कागदात गुंडाळलेलं एक नाणं.

खालच्या मजल्यावर विधवा अर्गिरोबाईंचा रेडिओ बंद झाला.

पोलिक्सेनीच्या पायांत अजून हॉटेलातले बूट होते. अठरा पलंगांच्या चादरी बदलून ती आत्ताच घरी पोचली होती, आणि सासू सुरी घेऊन बसलेली होती. नव्या वर्षाचा केक म्हातारीनं, एव्हांथियानंच कापायचा. आत नाणं दडवलेलं; ज्याच्या तुकड्यात निघेल त्याचं वर्ष भाग्याचं. डोळ्यांनी दगा दिला होता तरी तिनं बोटांनी कडा चाचपली, सुरीच्या टोकानं वर तीनदा क्रूस काढला.

“हा ख्रिस्ताचा. हा त्याच्या माउलीचा. हा घराचा. हा गरिबाचा.” मग स्वतःचा, मुलाचा, सुनेचा.

गरिबाचा तुकडा तिनं रुमालात बांधून बाजूला ठेवला. “या घरातून हा बाहेर जातो, बाई. आत कधी आला नाही.” हे ती दरवर्षी म्हणायची. मग पोलिक्सेनी तो खाली अर्गिरोबाईंना देऊन यायची.

“पीठ बदललंस का गं?”

“नेहमीचं नव्हतं दुकानात.”

“बरं फुगलंय.”

पोलिक्सेनीनं नवऱ्याकडे पाहिलं. कारखाना बंद पडल्यापासून घरी बसलेला स्तेर्ग्योस आपल्या तुकड्याकडे बघत होता. नाताळाच्या आधी चर्चमधून निरोप आला होता, तुमच्या नावची मदतीच्या पिठाची पिशवी तयार आहे म्हणून. नाव कुणी दिलं, तिनं त्याला तीनदा विचारलं. त्यानं मेलेल्या बापाची शपथ घेतली. शेवटी ती मागच्या गल्लीनं गेली आणि हॉटेलातल्या धुण्याच्या थैलीत घालून ती पिशवी घेऊन आली. वाटपाच्या टेबलामागे अर्गिरोबाई उभ्या होत्या. त्यांनी पिशवी पुढे सरकवली आणि मान वर न करता म्हटलं, “पुढचे या.” त्या दिवसापासून पोलिक्सेनी जिना चवड्यांवर चढत होती. सासूला तेवढं कळू नये, बाकी काय व्हायचं ते होवो.

तिघांनी आपापले तुकडे मोडले. नाणं नव्हतं. ख्रिस्ताच्यात नव्हतं, माउलीच्यात नव्हतं. स्तेर्ग्योसनं घराचा मोडला.

“नाही. सुटलो. गेल्या वर्षी घराला निघालं आणि छत गळायला लागलं.”

“म्हणजे गरिबाच्यात आहे,” म्हातारी म्हणाली.

स्तेर्ग्योसचा हात रुमालाकडे गेला. “यंदा इथंच राहू दे की. गरीब कोण ते कुणी ठरवलंय?”

“स्तेर्ग्योस,” पोलिक्सेनी म्हणाली. एवढंच. त्यानं हात मागे घेतला.

रुमाल घेऊन खाली जायला हवं होतं. उभ्या जागेवरून पाय हलत नव्हते. अर्गिरोबाईंशी नजर कशी मिळवायची, याचाही कंटाळा आला होता. तेवढ्यात दारावरची घंटा वाजली.

उंबऱ्यापलीकडे अर्गिरोबाईच उभ्या होत्या. पायांत घरातल्या सपाता, हातात झाकलेली बशी.

“वर्ष चांगलं जावो.” मग हळू आवाजात, “मी एकटी. माझा गरिबाचा तुकडा कुणाला देऊ? म्हटलं...”

पोलिक्सेनीचा हात दारावर होता. टेबल तीन पावलांवर होतं.

“थांबा हं, तुमचा काढून ठेवलाय,” ती आतपर्यंत ऐकू जाईल अशी बोलली.

“तो नेईनच. पण हा तू ठेव, पोरी.”

“कोण आहे गं?” आतून आवाज आला.

“अर्गिरोबाई. आपला तुकडा न्यायला आल्यात.”

“आणि हातात काय आहे तिच्या? संत्र्याचा वास येतोय.”

स्तेर्ग्योसनं कॉफीचा कप खाली ठेवला.

“गरिबाचा तुकडा आहे, एव्हांथियामावशी,” अर्गिरोबाई म्हणाल्या. त्यांना खोटं कधी जमलंच नाही.

पोलिक्सेनीनं चौकटीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. आता जे यायचं ते येऊ दे.

“मग दारात काय उभी केलीस तिला? ऊब चाललीय सगळी बाहेर. तो घे, आणि आपला दे तिला. नाण्यासकट. स्तेर्ग्योस, हात मागे.”

“मी काही केलं नाही, आई.”

“तेच तर म्हणते.”

अर्गिरोबाई रुमाल घेऊन गेल्या. दार लागलं. म्हातारीनं चाचपत बशी जवळ ओढली, वास घेतला आणि शेजारच्या खुर्चीपुढे सरकवली.

“बूट काढ. बसून खा.”

पोलिक्सेनी बसली. सकाळपासून पहिल्यांदा. तुकड्यात संत्र्याची साल जास्त पडली होती, साखर कमी. ती शेवटच्या कणापर्यंत खात राहिली. सासू विचारील म्हणून तिनं तीन उत्तरं तयार ठेवली होती. सासूनं काही विचारलं नाही. ती बोटानं टेबलावरचा चुरा गोळा करत होती.

सहा डिसेंबरला, संत निकोलसच्या दिवशी, प्रार्थना संपल्यावर एव्हांथिया काठी टेकत चर्चच्या मागच्या खोलीत गेली होती, आणि मदतीच्या यादीत सुनेचं नाव तिनंच लिहायला लावलं होतं.