शेवटचं यान

ताऱ्यांपलीकडचं युद्ध संपलं. शेवटच्या लढाईत शत्रूचं उरलेलं एकमेव यान पाडणारी विशाखा चार वर्षांनी सिडकोतल्या घरी परतली. क्रांती चौकातून तिची मिरवणूक निघाली, गल्लीत पेढे वाटले गेले. गर्दी पांगल्यावर मुक्ताबाईनं लेकीला जवळ घेतलं.

"लई जोरात लढले का गं ते?"

"नाय, माय. ते शरण आले होते. तसा संदेश मी स्वतः ऐकला. वर कळवलाच नाय, यान पाडलं."

"का गं?"

विशाखा खाली बघत म्हणाली, "तहाची बोलणी वर्षभर चालली असती. तू दर निरोपात विचारायचीस, कधी येतीस म्हणून."

मुक्ताबाईचा हात लेकीच्या पाठीवरच राहिला. विशाखाच्या तोंडाकडं मात्र तिला बघवेना.