काळजाचे फोटो

विमला अंगणात पोचली तेव्हा अप्पा पडवीत खुर्चीवर बसले होते. तिला पाहताच ते उठले, पायरीपर्यंत आले. मग त्यांची नजर तिच्या सातव्या महिन्याच्या पोटावर गेली आणि ते मागं सरत थेट भिंतीला जाऊन टेकले.

"थंयच रव. फुडे येव नको."

जातीबाहेर लग्न करून ती बांद्याला गेली, तेव्हापासून बापलेकीत बोलणं नव्हतं. गेल्या आठवड्यात भाऊ जयरामचा निरोप आला होता. अप्पांच्या छातीत दुखतं, मुंबईला नेतोय. तिथं चालत्या पट्ट्यावर चालवून मोठ्या कॅमेऱ्यानं काळजाचे फोटो काढतात, रक्त कुठं पोचत नाही ते कळतं. अप्पा देवगडला परतल्याचं कानावर आलं, तशी ती कुणाला न विचारता एस्टीत बसली होती.

"पाया पडान जातंय," ती म्हणाली.

"नको. चार दिसांनी ये." अप्पांनी हात आडवा केला. "विमला, ऐक. माज्या आंगात..."

"तुमच्या आंगात काय आसा, ता माका म्हायत आसा."

दगडी गडग्यापलीकडं शेजारची तुळसा धुणं वाळत घालायची थांबली होती. विमलाचे कान तापले. एवढ्या लांबून आलेल्या लेकीला घोटभर पाणीसुद्धा नाही.

"मुंबयक काळजाचे फोटो काढल्यानी ना तुमच्या? काळीज गावला तरी काय थंय?"

ती तशीच मागं वळून चालू लागली.

स्टँडपर्यंत तिला मान वर करवेना. आजारी बापाला आपण असं बोललो, तेही तुळसाच्या देखत. मागं फिरावंसं वाटत होतं, पण आता कुठल्या तोंडानं जाणार?

स्टँडवर जयराम भेटला, हातात औषधांची पिशवी.

"विमला? तू कधी इलंस गो?"

"अप्पांनी माका हाकलल्यानी," ती कशीबशी म्हणाली. "माजा पोट बघल्यानी आणि भिंतीक चिकटले."

जयरामनं पिशवी खाली ठेवली.

"काल एस्टीन येतना राजापुराक एक पोटुशी बाई त्यांच्या बाजूक येवन बसली, तर थंयसून उभेच इले. माजा आयकूक नाय. फोटो काढूक शिरेत किरणांचा औषध घातल्यानी गो. ता आंगातून जायपर्यंत पोटुशीक जवळ येवक देव नको, पोराक बाधतला, असा डॉक्टरान सांगल्यान."