चार चिंचोके जास्त

गुरुदासने ओसरीवर काजूच्या त्रेपन्न बिया मांडल्या. मथुरा त्यांत चिंचोके मिसळू लागली; पण हात कापत होता, चिंचोके सारवलेल्या जमिनीवर घरंगळत होते.

"बियो म्हणजे प्रोटॉन, चिंचोके न्यूट्रॉन," तो म्हणाला. हायस्कुलात तो विज्ञान शिकवायचा, तरी बहिणीसमोर अडखळत होता. "बियो त्रेपन्न, म्हणान ह्यां आयोडीन. माशात आसता तां. चिंचोके चौऱ्याहत्तर."

"आणि मुंबैचो डॉक्टर पाजतलो तां?"

"तांय आयोडीनच. बियो तितक्योच." त्याने आणखी चार चिंचोके सरकवले. "ह्ये जास्त. म्हणान तां टिकना नाय. तुज्या गळ्याच्या गाठीत शिरान मोडता, आणि गाठीक जाळता."

मथुरा उठली, चुलीपर्यंत गेली, काही न करता परत आली. गाठ वाढल्यापासून हाताचा कंप थांबत नव्हता, तिला एका जागी बसवत नव्हतं. पावसाळ्याआधीची मुंबईची शेवटची बोट उद्या सकाळी मालवणातून सुटणार होती.

तिची सासू सुभद्रा दाराशी तान्ह्या नातीला, आनंदीला, मांडीवर घेऊन थोपटत होती. मूल किरकिरत होतं. "मास्तरांनू, इतके शिकलास आणि काजीच मोजतास? भाजूक तरी दिया."

मथुरा हसली नाही. "भाई, गाठीक कसां कळतलां, खयचां साधां आणि खयचां ह्यां?"

"कळना नाय. शरीर बियो बघता. चिंचोके बघना नाय."

"मगे दुधाक तरी कळतलां?"

गुरुदासने एक चिंचोका उचलून पुन्हा ठेवला. हेच सांगायला तो आला होता, आणि म्हणूनच इतका वेळ मोजत बसला होता.

"नाय," तो शेवटी म्हणाला. "तां दुधात उतारतलां. औषध घेतल्यार आनंदीक पाजूचां नाय. परत कधीच नाय."

"आणि नाय घेतलां तर?"

"काळीज दम सोडतला. डॉक्टरान माका सांगल्यान."

सुभद्रेचं थोपटणं थांबलं.

"मगे आजच दूध तोडतंय," मथुरा म्हणाली. "उद्या माजो धीर जातलो."

परसातून तिने कोरफडीचं पान मोडून आणलं. सुभद्रेने मूल पुढे केलं. गुरुदास भिंतीकडे तोंड करून बसला. पदराआड मथुराने पिवळा कडू चीक छातीला चोळला आणि आनंदीला जवळ घेतलं.

आनंदीने ओठ लावले, तोंड वेडंवाकडं केलं, किंचाळून रडली. मग रडता रडताच पुन्हा तिथेच तोंड खुपसलं.