सगीराखालाचं घर

आशाबाईच्या धाकट्या नणंदेचं लग्न झालं ते साल एकोणीसशे पंचावन्न. नणंद सासरी गेली आणि शाळा सुटल्यावर आशाबाईच्या लेकाला, बद्रीला, सांभाळायला घरात कुणी उरलं नाही. तिचा नवरा आधीच देवाघरी गेलेला. ती सूतगिरणीत कामाला होती. सुटायची तेव्हा दिवेलागण झालेली असायची.

आधी तिनं पोराला शेजारच्या सरूबाईकडं ठेवून पाहिलं. एका संध्याकाळी येऊन बघते तर सरूबाई बाजारात, दाराला बाहेरून कुलूप, आणि आत रडून रडून झोपलेलं लेकरू.

ही गोष्ट गावाकडं, बिडकीनला पोचली. थोरल्या दिरांचा, काकासाहेबांचा, निरोप आला, “बाईमाणूस असलेलं भरवशाचं घर बघ. नाय तर पोराला मी घेऊन जातो. तू कर तुझी गिरणी.”

शाळेमागच्या गल्लीत मुबारकचाचा मनियार राहायचे. नणंदेला लग्नाचा चुडा त्यांनीच भरला होता. एवढं काचेचं काम, पण कुणाच्या हाताला कधी ओरखडा नाही. आशाबाई बद्रीला घेऊन त्यांच्याकडं गेली. उंबऱ्यावर बसून दोघं बराच वेळ बोलली.

मग तिनं बिडकीनला कळवलं, “मुबारकचाचा मनियार. त्यांची बायको सगीराखाला. घर लई भरवशाचं हाय.”

चाचांच्या बैठकीत बांगड्यांचे तोडे टांगलेले असायचे. त्यांतून ऊन आलं की भिंतीवर हिरवे, तांबडे ठिपके तरंगायचे. बद्री धडा वाचता वाचता त्या ठिपक्यांमागं भटकायचा आणि लोडावर डोकं टेकून झोपी जायचा. चाचा काम थांबवून त्याच्याकडं बघत बसायचे. न्यायला आलेली आशाबाईही हाक मारायची विसरून दारात उभी राहायची. दुसऱ्याच्या स्वप्नात पाय टाकल्यासारखं वाटायचं तिला.

एके दिवशी काकासाहेब गिरणीच्या फाटकाशीच येऊन उभे.

“चल, बघू दे मला तुझं भरवशाचं घर.”

चाचांच्या दारात त्यांनी आत मान घातली. माजघराच्या दाराला जाड पडदा. “बाईमाणूस कुठंय?”

“खाला गोशात असत्यात, भावजी,” आशाबाई म्हणाली.

चाचांनी हातातली बांगडी खाली ठेवली. “बैठो भाऊसाहेब. बद्री, खालाकू बोल, पाव्हन्यांना पान लाव म्हनावं.”

बद्री पडद्याआड पळाला. आत बांगड्या किणकिणल्या. थोड्या वेळानं पान घेऊन तो बाहेर आला आणि म्हणाला, “खाला म्हणली, चुना बेताचाच लावलाय.” आणि पुन्हा आत गेला.

काकासाहेबांनी पान तोंडात टाकलं. पडद्याकडं मुद्दाम पाठ केली आणि आवाज मऊ करून विचारलं, “वैनी, पोरगं तरास तर देत नाय ना?”

बांगड्या हळूच वाजल्या.

“आता बोला!” काकासाहेब आशाबाईकडं वळले. “याला म्हणत्यात घरंदाजपणा. एवढा वेळ बसलो, एक शबूद बाहेर आला का? शिक काय तरी. तुम्ही गिरणीतल्या बाया म्हंजे नुसता भोंगा.”

“व्हय, भावजी.”

“ऱ्हाऊ दे पोरगं हितंच. माझी काय ना नाय.”

चाचा मान खाली घालून कधीपासून एकच बांगडी पुसत होते.

काकासाहेब मोटारीत बसून गेले. आशाबाई बद्रीचं बोट धरून घराकडं निघाली. वाऱ्यात गारवा होता. पोरगं उड्या मारत चाललं होतं.

“आई, काका आत का नाय आले?”

“पडद्यातल्या बाईला बघायचं नसतंय.”

बद्री तोंडावर हात ठेवून खुदकन हसला. तीही हसली, आणि तिनं पदरानं डोळे पुसले. पहिल्याच दिवशी उंबऱ्यावर चाचांनी तिला सगळं सांगितलं होतं. सगीराखाला सात वर्षांपूर्वी, पोलीस ॲक्शनच्या साली, पहिल्या बाळंतपणात, लेकरासकट वारली होती.