चौकोनी

"माझ्या आईचा जबडा कुठे गेला, मावशी?"

इस्पितळामागच्या अंत्यदर्शनाच्या खोल्यांपैकी एकीत, पांढऱ्या शेवंतीच्या मधोमध मिरानच्या आईचा फोटो ठेवला होता. डोळे आईचे, हसूही आईचं. खाली मात्र कुणा परकीची निमुळती हनुवटी.

"हळू बोल गं. फोटोवाल्याला सांगून जरा तासून घेतला. जन्मभर लोक तिला चौकोनी म्हणाले. आज तरी बरी दिसू दे."

"लोक म्हणाले, की तू?"

मावशीने फोटोवरची काळी फीत उगाच सारखी केली. "तुझंही भलंच बघितलं होतं मी. म्हणून तर अक्कलदाढा काढायला लावल्या."

चारही काढल्या होत्या मिरानने. कॉलेज संपताना, नोकरीच्या पहिल्या मुलाखतीआधी, एकही दुखत नसताना. दाढा गेल्या की चेहरा बारीक होतो, ही मावशीची खात्री. सूज उतरली आणि आरशात तोच जबडा परत आला. डॉक्टरीण म्हणाली, "दाढ गेली म्हणून हाड थोडंच जातं?" आईने भाताची पेज पुढ्यात ठेवली होती. "माझ्याकडून दुसरं काय मिळालंय तुला? तेच उपटायला निघालीस."

"खरा फोटो आण," मिरान म्हणाली.

"आता? माणसं यायला लागली. शोभेल का?"

"मग हा पालथा घालते."

तिने चौकटीला हात घातला, तेवढ्यात दारात ओक्बुन आली. बंदरावर आईच्या शेजारी बसून तिने जन्मभर कालवं फोडली होती. मिरान सेऊलला गेल्यापासून तिची नि ओक्बुनची गाठ नव्हती. म्हातारीने चपला काढल्या, फोटोकडे पाहिलं आणि ओशाळली.

"माफ करा हं. दुसऱ्यांच्याच खोलीत शिरले."

ती वाकून पुन्हा चपलेत पाय घालू लागली. मावशी खाली बघत राहिली. मिरानला हाक मारायची होती; पण दात इतके आवळले गेले होते की तोंड उघडेना. कानाखालची हाडं तटतटून वर आली होती.

निघता निघता ओक्बुनची नजर तिच्यावर पडली. एक चप्पल तशीच पायात ठेवून ती आत आली. फोटोला वळसा घातला. कालवांच्या ओरखड्यांनी भरलेल्या दोन्ही हातांत तिने मिरानचा जबडा धरला.

"इथे आहेस होय गं तू," ती म्हणाली, आणि फोटोकडे पाठ करून रडू लागली.